शिक्का वर्षातून एकदा, वजन रोज

काट्याचं पासिंग, म्हणजे सरकारी पडताळणी आणि शिक्का, कसं होतं, असं नाशिकच्या कोणत्याही किराणा दुकानदाराला विचारा. "आपला काटेवाला येतो, तोच करून आणतो," हे उत्तर बहुतेक ठिकाणी ठरलेलं. काटेवाला म्हणजे काटे विकणारा आणि दुरुस्त करणारा परवानाधारक. मुदत कधी संपते हे त्याच्या वहीत असतं. फी तो भरतो, काटा शिबिरात तो नेतो आणि शिशाचं सील लावून, प्रमाणपत्रासह परतही तोच आणतो. वजनमापं खात्याच्या निरीक्षकाची आणि दुकानदाराची गाठ पडेलच असं नाही, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते गिऱ्हाईक तर यात कुठेच नसतं. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावण्याचा नियम आहे. ते लावलेलं असतं, बहुधा गणपतीच्या तसबिरीशेजारी. ते वाचणारं गिऱ्हाईक मी तरी अजून पाहिलेलं नाही.

हे आत्ता लिहिण्याचं कारण असं, की हे शिक्के मारण्याचं काम आता सरकारी खात्याकडून हळूहळू बाहेर जाऊ लागलं आहे. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ च्या कलम २४ मध्ये शासनमान्य चाचणी केंद्रांची सोय पहिल्यापासून आहे. त्याचे नियम २०१३ मध्ये झाले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने या केंद्रांची कक्षा वाढवून पाणीमीटर, रक्तदाबमापक, थर्मामीटर, आर्द्रतामापक, साधी वजनं, दुकानातले काटे अशी १८ प्रकारची साधनं त्यांच्याकडे सोपवता येतील असं केलं. यावर सहज उमटणारी प्रतिक्रिया ठरलेली आहे: सरकारने आणखी एक काम खासगी लोकांच्या गळ्यात मारलं, आता पैसे टाका आणि शिक्का घ्या. मला ही भीती अर्धीच पटते. शिक्का कोण मारतो, यापेक्षा शिक्का मारल्यानंतर उरलेल्या ३६४ दिवसांत काट्याकडे कोण बघतो, हा माझ्या मते या कायद्याचा दुखरा भाग आहे. पडताळणी खासगी केंद्रांनी केली तरी चालेल. मात्र त्यातून मोकळा झालेला निरीक्षक बाजारात दिसला पाहिजे, आणि बाजार समितीत माल विकणाऱ्या शेतकऱ्याला काटा स्वतः तपासून मागण्याचा हक्क मिळाला पाहिजे. या दोन गोष्टी नसतील, तर शिक्का सरकारी असो की खासगी, शेतकऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

प्रमाणांची व्यवस्था वरच्या टोकाला किती काटेकोर आहे, ते पाहण्यासारखं आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत देशाचा किलोग्रॅम आहे, ५७ क्रमांकाचा. २० मे २०१९ पासून तर जगाने किलोग्रॅमची व्याख्याच धातूच्या ठोकळ्यावरून काढून प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या न बदलणाऱ्या एका आकड्यावर नेली. दिल्लीतल्या त्या प्रमाणावरून संदर्भ प्रमाणं, त्यांवरून दुय्यम प्रमाणं, त्यांवरून निरीक्षकाच्या पेटीतली कार्यकारी प्रमाणं, अशी उतरंड आहे, आणि त्यातली प्रत्येक पायरी ठरावीक मुदतीने पुन्हा तपासली जाते. ही पितळी आणि पोलादी वजनं घडवण्यात मुंबईच्या टांकसाळीचा मोठा वाटा. इथपर्यंत बोट ठेवायला जागा नाही. पण ही साखळी बाजारातल्या काट्यावर वर्षातून एक दिवस टेकते. इलेक्ट्रॉनिक काट्याची मुदत १२ महिने, साध्या वजनांची आणि तराजूची २४ महिने. टेकण्याचा दिवस काटेवाल्याला आधी माहीत असतो.

आता त्या एका दिवशी नेमकं काय तपासतात, तेही जरा जवळून पाहू. दुकानातल्या नेहमीच्या काट्याच्या पाटीवर बारीक अक्षरांत तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: कमाल ३० किलो, किमान १०० ग्रॅम आणि पडताळणीचा भाग, म्हणजे चूक मोजण्याचं एकक, ५ ग्रॅम. यातल्या 'किमान'कडे कोणाचं लक्ष जात नाही. त्याचा अर्थ हा, की या काट्यावर १०० ग्रॅमच्या खाली तोलू नये, त्याखाली तो भरवशाचा धरलेलाच नाही. आपण मात्र त्यावर पन्नास ग्रॅम आलं आणि लसूण बिनदिक्कत तोलून घेतो. एक किलोला पडताळणीच्या वेळी अडीच ग्रॅम आणि रोजच्या वापरात पाच ग्रॅम इकडेतिकडे कायद्याला चालतं. टोमॅटोच्या बाबतीत पाच ग्रॅमवरून कोणी भांडणार नाही आणि भांडूही नये.

हेच गणित भुईकाट्यावर, म्हणजे आख्खं वाहन तोलणाऱ्या काट्यावर, नेलं की चित्र बदलतं. साठ टनी भुईकाट्याचा भाग साधारण १० किलोचा. कांदा भरलेला ट्रॅक्टर-ट्रॉली वाहनासकट सहा टनांच्या आसपास भरतो असं धरू. एवढ्या वजनाला पडताळणीच्या दिवशी १० किलो आणि वापरातल्या काट्याला २० किलोंपर्यंतची तफावत नियमात बसते. ट्रॉलीत पंचवीस क्विंटल कांदा असेल तर २० किलो म्हणजे पाऊण टक्क्याहून जरा जास्तच. भाव क्विंटलला दीड हजार असला, तर तीनशे रुपये. मळ्यातून माल भरून, डिझेल जाळून, रात्रभर रांगेत थांबून आलेल्या माणसाला त्या तीनशेत काय येतं ते ठाऊक असतं. तरीही चूक दोन्ही बाजूंना होणार असेल, आज माझे वीस गेले आणि पुढच्या खेपेला वीस आले, तर तक्रारीला जागा नाही. यंत्र आहे, तेवढं चालायचंच. प्रश्न आहे तो चूक रोज एकाच बाजूला होत असेल तर. काटा मुद्दाम आठ-दहा किलो कमी दाखवेल असा लावून ठेवला, तर तो मर्यादेच्या आतच असतो. निरीक्षक आला तरी तो पास होतो.

गंमत म्हणजे हाच कायदा बिस्किटाच्या पुड्याला यापेक्षा कडक वागवतो. पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार एखाद्या पुड्यात ठरावीक मर्यादेपर्यंत वजन कमी भरलं तर चालतं, पण तपासलेल्या नमुन्याची सरासरी छापलेल्या वजनाखाली जाता कामा नये. म्हणजे कारखानदाराला मर्यादेचा आडोसा घेऊन प्रत्येक पुड्यात दोन ग्रॅम मारता येत नाहीत. शहरातल्या गिऱ्हाइकाने घेतलेल्या पाच रुपयांच्या पुड्याला सरासरीचं संरक्षण आहे, लासलगावच्या कांदा बाजारात उतरलेल्या ट्रॉलीला नाही. भुईकाट्यावर ठाऊक वजन रोज ठेवून पाहिलं, तर चूक कुठल्या बाजूची आहे ते दिसतं. काटा एकाच बाजूला झुकतो आहे का हे शोधायला वेगळा शोध लागायचा बाकी नाही, फक्त नियम करायचा बाकी आहे.

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतचा लिलाव ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आवारात ट्रॅक्टर, पिकअप ओळीने लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका वाहनामागून वाहनाकडे सरकतो, कोणी ट्रॉलीत हात खुपसून दोन कांदे काढतो, बोली होते आणि मिनिटाभरात भाव फुटतो. मग भुईकाटा. तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे त्याच्या साठवणुकीच्या आवारात. तिथं माल खाली होताना निम्म्या वाटेत आवाज येतो, "आण्णा, खाली गोल्टी निघाली, वांधा आहे." गोल्टी म्हणजे बारीक कांदा, वांधा म्हणजे मालाच्या प्रतीवरून तक्रार. मग भाव पुन्हा खाली. शेवटी रिकामा ट्रॅक्टर परत काट्यावर, आणि भरल्या वजनातून रिकामं वजन वजा करून हिशोबपट्टी. या सगळ्या फेरीत शेतकरी मालाबद्दल भांडतो, भावाबद्दल भांडतो, असे तंटे सोडवणाऱ्या वांधा कमिटीपर्यंत जातो. "शेठ, काट्यावर आधी वीस किलोचं वजन टाकून दाखवा," असं मात्र कोणी म्हणत नाही. मागे शंभर वाहनं हॉर्न वाजवत उभी असतात आणि काट्यावरच्या पोराला "वजन कुठंय?" विचारलं तर त्याला ते ठाऊक असेलच याची खात्री नाही.

वास्तविक ती वजनं तिथं असायला हवीत. अंमलबजावणीच्या नियमांत तशी तरतूद आहे: काटा वापरणाऱ्याने त्याच्या क्षमतेच्या एक दशांश किंवा एक टन, यांतलं जे कमी असेल तेवढी पडताळलेली वजनं काट्याच्या जागेवर ठेवायची. साठ टनी काट्याला एक टन, म्हणजे वीस किलोची पन्नास वजनं. तरतुदीचा हेतू स्पष्ट आहे. काटा रोज तपासता यावा. पण तपासून मागायचा हक्क कोणाला, हे त्यात मोकळं सोडलं आहे. त्यामुळे ही वजनं निरीक्षकाच्या भेटीपुरतीच उरतात. वजनं कोपऱ्यात, शेतकरी रांगेत.

वर्षातून एकदाच्या शिक्क्यावर विसंबून काय होतं, याचा धडा पेट्रोलने दिलेला आहे. एप्रिल २०१७ मध्ये उत्तर प्रदेशच्या विशेष पोलीस पथकाने लखनौमध्ये पंपांवर छापे घातले तेव्हा यंत्रांत बसवलेल्या चिप सापडल्या. पुढे ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्ह्यांत तशाच चोऱ्या उघड केल्या. ही यंत्रं बेकायदा नव्हती. त्यांच्यावर खात्याचं सील होतं, प्रमाणपत्रं मुदतीतली होती. चिप अशी चलाख, की तपासणीच्या वेळी माप बरोबर आणि एरवी गाडीत टाकताना कमी. म्हणजे तपासणी जितकी ठरलेली आणि ओळखीची, तितकी ती चुकवणं सोपं. भुईकाट्याचं वजन दुरून रिमोटने फिरवल्याची प्रकरणंही देशात जागोजागी पोलिसांपर्यंत गेली आहेत. अशा चोरीला पडताळणी पकडत नाही, आणि ते तिचं कामही नाही. अशी चोरी पकडते ती अचानक पडलेली धाड, किंवा संशय आला त्याच क्षणी जागेवर केलेली चाचणी. पंपावर निदान दुसरी सोय आहे. पाच लिटरचं माप तिथं ठेवलेलं असतं आणि कोणीही गिऱ्हाईक ते भरून मागू शकतं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंत फरक चालतो, त्यापुढे गेला तर तक्रार. किती जण मागतात हा भाग सोडा. मागता येतं हे पंपवाल्याला माहीत असतं, आणि निम्मं काम त्या माहितीनेच होतं.

आमच्याच शहरात याचा दुसरा पुरावा आहे. सातपूर, अंबडच्या कारखान्यांत जाडी मोजायचा साधा व्हर्नियरसुद्धा मुदतीत कॅलिब्रेट केलेला असतो, त्यावर तारखेचं स्टिकर असतं, आणि तारीख उलटली तर तो टेबलावरून उचलला जातो. हे कोणत्या निरीक्षकाच्या धाकाने होत नाही. माल घेणारी मोठी कंपनी ऑडिटला येते आणि पहिला प्रश्न त्या स्टिकरचाच विचारते, म्हणून होतं. हे कॅलिब्रेशन करणाऱ्या प्रयोगशाळा बहुतेक खासगीच आहेत आणि त्यांचं काम उत्तम चालतं. खासगी चाचणी केंद्र म्हटलं की मला धास्ती वाटत नाही ती यामुळे. समोरचा माणूस तपासणार आहे हे ठाऊक असलं की खासगी माणूसही नीट मोजतो. कांद्याच्या व्यवहारात फरक एवढाच, की तिथं ऑडिट करायची ऐपत असलेला पक्ष नेमका काट्याचा मालक किंवा त्याचा शेजारी असतो, आणि ज्याला ऑडिटची गरज असते त्याला परत जाऊन दूध काढायचं असतं.

व्यापाऱ्यांची बाजू मी उडवून लावणार नाही. ट्रॉलीच्या तळाशी माती, ओला माल, बारीक कांदा दडवून वर छान लाल गोळे रचणारे महाभाग शेतकऱ्यांतही आहेत. वांधा नावाची गोष्ट हवेतून आलेली नाही. पण मालाची प्रत आणि मालाचं वजन हे दोन वेगळे हिशोब आहेत. प्रत खराब निघाली तर भाव कमी करा, त्यासाठी कमिटी आहे. वजनातून 'कडता' म्हणून काही किलो कापून प्रतीचा वचपा काढण्याची रीत मोजमापाच्या मुळावरच येते, कारण मग पट्टीवरचा आकडा हे वजनही राहत नाही आणि भावही राहत नाही.

पालेभाज्यांचा प्रकार आणखी मजेशीर आहे. नाशिकच्या बाजार समितीत कोथिंबीर, मेथी, शेपू शेकड्याच्या जुड्यांवर जाते. कायद्याला संख्येने विक्री मान्य आहे, तेव्हा यात गैर काही नाही. पण जुडी केवढी असावी याला माप नाही. भाव चढला की जुडी बारीक होते आणि पडला की जाड, आणि हा खेळ शेतकरी, अडते, भाजीवाली सगळेच जाणतात. इथं कायदा हात लावत नाही तेच बरं. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीसाठी निरीक्षक कशाला?

छोट्या दुकानदारांचं म्हणणं मात्र ऐकलं पाहिजे. पंचवटीत हातगाडीवर फळं विकणाऱ्याची मुदत पंधरा दिवसांनी उलटली, म्हणून त्याला आणि वजन फिरवणाऱ्या भुईकाटेवाल्याला एकाच रांगेत उभं करण्यात अर्थ नाही. विनापडताळणी काटा वापरला तर २००९ च्या मूळ अधिनियमात कलम ३३ प्रमाणे किमान दोन हजार आणि कमाल दहा हजार रुपये दंड आहे, पुन्हा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद. दोन हजार ही हातगाडीवाल्याची काही दिवसांची कमाई. भुईकाट्याच्या मालकाला दहा हजार म्हणजे दर्यात खसखस. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने या अधिनियमातल्या काही कलमांतली कैद काढून टाकली, आणि कागदोपत्री चुकांपुरतं ते योग्यच झालं. उरलेल्या कलमांतही पहिल्या वेळी चुकलेल्या छोट्या माणसाला नोटीस देऊन मुदत द्यायला हरकत नाही. पण काट्यात हात घालणं ही चूक नव्हे, तिथं सवलतीची भाषा नको. मूळ कलम २६ मध्ये अशा फेरफाराला पहिल्या वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. एका हंगामात काट्यावरून जाणारा माल पाहिला तर ही रक्कम धंद्याच्या खर्चात धरून टाकता येईल इतकी किरकोळ आहे.

जाता जाता एक. ऑनलाइन तीनशे-चारशे रुपयांत मिळणारे स्वयंपाकघरातले काटे आणि हुकाला टांगायचे वजनमापक आता आठवडे बाजारात सर्रास दिसतात. त्यांना नमुना मान्यता नसते, सील नसतं, आणि ते व्यापारासाठी नाहीत असं खोक्यावर लिहिलेलंही असतं. यांचा बंदोबस्त विक्रेत्या कंपन्यांच्या पातळीवर व्हायला हवा. भाजीवालीचा काटा जप्त करून फोटो काढण्यात पराक्रम नाही.

मग करायचं काय? चाचणी केंद्रं येऊ द्यात. अट एकच आणि ती कडक: जो काटा विकतो किंवा दुरुस्त करतो त्याचा, त्याच्या भावाचा, पुतण्याचा त्या केंद्रात पैशाचा संबंध नसावा. सुरुवातीला सांगितलेला काटेवाला उद्या शिक्काही मारू लागला तर सगळंच मुसळ केरात. दुकानातल्या काट्यांचं पासिंग या केंद्रांकडे गेल्यावर निरीक्षकांचा जो वेळ सुटेल, तो हंगामात बाजार समित्यांच्या भुईकाट्यांवर आणि खळ्यांवर, लिलावाच्या ऐन वेळी, न सांगता खर्च झाला पाहिजे. सिंहस्थाच्या वर्षात शहरातले पंप आणि दुकानं त्यांना पुरून उरतील, हे माहीत आहे. कांदा मात्र सिंहस्थासाठी थांबत नाही.

आणि काट्यावरची ती पन्नास वजनं कोपऱ्यातून बाहेर काढा. कोणत्याही शेतकऱ्याने लिलावाआधी मागितलं तर ती काट्याच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून दाखवणं बंधनकारक करा. रोज सकाळी पहिल्या वाहनाआधी हीच चाचणी करून आकडा फळ्यावर लिहा. पट्टीवर भरलं वजन, रिकामं वजन, दोन्हींची वेळ आणि काट्याच्या पडताळणीची तारीख छापा. भुईकाट्याच्या नोंदी महिन्याला खात्याकडे जाऊ द्यात आणि रोजच्या चाचणीतली चूक सतत एका बाजूची दिसली तर, मर्यादेच्या आत असली तरी, काटा पुन्हा लावून घ्या. बिस्किटाला जे मिळतं ते कांद्याला मिळू द्या.

यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसायचं कारण नाही. प्रमाणं ठरवणं हा केंद्राचा विषय आहे, पण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून वजनमापांचा बाकीचा कारभार समवर्ती सूचीत आहे, आणि अधिनियमाच्या कलम ५३ ने राज्याला अंमलबजावणीचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्राचे ते नियम २०११ चे आहेत. त्यांत दुरुस्ती करायला केंद्राशी सल्लामसलत करून काढलेली अधिसूचना पुरते. बाजार समित्यांचा १९६३ चा कायदा तर राज्याचाच आहे. उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीतून निघायच्या आत हे होऊ शकतं.

एक अडचण तेवढी आधीच मिटवून ठेवावी लागेल. एक टन वजनं काट्यावर चढवायची आणि उतरवायची तर हमाल लागणार, आणि ती हमाली कोणाच्या खिशातून जाणार हा प्रश्न निघणार. एप्रिल २०२४ मध्ये हमाली-तोलाईच्या कपातीवरूनच या जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते, आणि तेव्हाही चाळीतला कांदा कोणासाठी थांबला नव्हता. हा खर्च काट्याच्या मालकाचा, शेतकऱ्याच्या पट्टीतून त्यातला एक रुपया कापायचा नाही, असं नियमातच लिहून टाकावं.